न पाहिलेल्या रानाचा नकाशा

मुंबईत जन्मलेल्या एका लेखकानं अमेरिकेतल्या बर्फात बसून वैनगंगेकाठचं जंगल उभं केलं. त्या जंगलात तो एकदाही गेला नव्हता. गेमसाठी स्वतःचं रान बनवू पाहणाऱ्या प्रत्येकानं रुडयार्ड किपलिंगची ही गोष्ट वाचायला हवी. आणि त्याच्या नकाशातून काय सुटलं, तेही.

'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिली असेल, तर तळघरात टेबलाभोवती जमून फासे टाकणारी ती पोरं तुम्हाला आठवतच असतील. त्यांचा तो गेम म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो अमेरिकेत बाजारात आणला. स्क्रीन नाही, कंट्रोलर नाही. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंड, एवढंच सामान. एक जण गेम मास्टर होतो, म्हणजे जग बनवतो आणि गोष्ट पुढे नेतो. बाकीचे त्या जगातली पात्रं होतात.

आता समजा, आष्टीत दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही चार मित्र-मैत्रिणी असा गेम मांडून बसलात आणि गेम मास्टर झालात तुम्ही. गाव बनवणं जमतं. किल्ला, भुयार, खजिना हेही जमतं. घोडं अडतं ते दोन गावांच्या मधे. तिथं आहे रान. मग आपण काय करतो? कागदावर हिरवा रंग फासतो, वर घनदाट अरण्य असं लिहितो आणि फासा पडेल तसा एखादा लांडगा खेळाडूंच्या अंगावर सोडतो. दोनदा मजा येते. तिसऱ्यांदा कुणीतरी खिशातून मोबाइल काढतो.

हे फक्त तुमचंच होतं असं नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पहिल्यावहिल्या पुस्तिकांमध्येच रानातल्या प्रवासासाठी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या दुसऱ्याच एका बोर्ड गेमचा पट वापरा, असं सुचवलेलं होतं. रान उसनं आणायची सवय त्या खेळाच्या जन्मापासूनची आहे.

ज्याला हे काम झकास जमलं होतं, तो माणूस हा गेम यायच्या ३८ वर्षं आधीच वारला होता. त्याचं रान मात्र तुमच्या ओळखीचं आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर त्याचं कार्टून लागायचं, तेव्हा तुमचे आईबाबा टीव्हीसमोरून हलत नसत. मोगली, बघीरा, शेरखान यांचं ते रान. बनवणारा होता रुडयार्ड किपलिंग.

तळघरातलं पहिलं जग

किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, मुंबईचा. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवायचे आणि कुटुंब त्याच आवारात राहायचं. क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईला गेलात तर मान वर करून बघा. तिथली कोरीव शिल्पं लॉकवुड यांची आहेत.

छोटा रुडी आयाच्या आणि मीता नावाच्या नोकराच्या अंगाखांद्यावर वाढला. दुपारी झोपताना गोष्टी ऐकायच्या त्या त्यांच्याकडून. त्याला आधी येत होती ती हिंदुस्थानी. आईबाबांसमोर जाताना आता इंग्रजीत बोल हं, अशी आठवण करून द्यावी लागे. विचार एका भाषेत यायचा आणि मग तो दुसरीत अडखळत उतरायचा. मराठी मीडियममधून इंजिनिअरिंगला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि मग १८७१. तेव्हाच्या बहुतेक इंग्रज कुटुंबांची रीत अशी होती की मुलं पाच-सहा वर्षांची झाली की त्यांना विलायतेत ठेवायचं. इथले आजार नकोत आणि इथली भाषाही फार चिकटायला नको. रुडी जेमतेम सहाचा होत होता, बहीण ट्रिक्स तीन वर्षांची. दोघांना इंग्लंडमधल्या साउथसी गावात पैसे घेऊन मुलं सांभाळणाऱ्या एका घरी ठेवलं आणि आईबाबा भारतात परत आले. आपण इथं का आहोत आणि ते कधी येणार, हे पोरांना नीट कुणी सांगितलंच नाही.

तो तिथं साडेपाच वर्षांच्या आसपास राहिला. घरमालकीण आणि तिचा मुलगा छळायचे. मारहाण, उलटतपासणी, शिक्षा. त्यात रुडीची नजर अधू होत चाललेली आणि ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं. एकदा पाठीवर लबाड अशी पाटी लावून आपल्याला शाळेत पाठवलं, असं त्यानं पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

पण त्याच घरात एक ओलसर तळघर होतं. 'रॉबिन्सन क्रूसो' वाचलेल्या या पोरानं तिथं स्वतःचा एक खेळ सुरू केला. सामान काय, तर लाल दोरीत ओवलेली नारळाची करवंटी, एक पत्र्याची पेटी आणि खोक्याची एक फळी. ती फळी म्हणजे कुंपण. कुंपणाच्या आत जे असेल ते खरं, बाहेरचं जग बाहेर. फळी पडली की जादू मोडली, सगळा खेळ पहिल्यापासून मांडायचा.

पुढे शंभर वर्षांनी गेम डिझाइनवर लिहिणाऱ्यांनी या कुंपणाबद्दल पानंच्या पानं भरली. या पोराला ते एकट्यानं, गरजेपोटी सापडलं होतं. तुमच्या टेबलावरचा नकाशा हीच ती फळी आहे. ती पक्की उभी राहिली तरच आतलं खरं वाटतं.

तिथंच त्यानं एक गोष्ट वाचली. एक शिकारी सिंहांच्या कळपात सापडतो, ते सिंह एका गुप्त मंडळाचे सभासद निघतात आणि सगळे मिळून दुष्ट माकडांविरुद्ध उभे राहतात. ही गोष्ट डोक्याच्या तळाशी जाऊन बसली. पंधरा-वीस वर्षांनी ती वर आली.

बातमीदार

१८७७ मध्ये आई आली आणि त्या घरातून सुटका झाली. पुढे डेव्हनमधल्या एका शाळेत चार वर्षं काढून, सतराव्या वर्षाच्या आतच तो लाहोरला 'सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट' या वर्तमानपत्रात रुजू झाला. म्हणजे तुमच्या वयाचा असताना तो रात्री उशिरापर्यंत छापखान्यात बसून अंक लावत होता. झोप यायची नाही म्हणून लाहोरच्या गल्ल्या पालथ्या घालायचा. दुकानं, सराया, कलालखाने, जिथं माणसं बोलतात तिथं कान देऊन उभा.

१८८७ मध्ये तो अलाहाबादच्या 'पायोनिअर'मध्ये गेला. त्याच वर्षी पेपरासाठी राजपुतान्यात भटकून आला. चित्तोडचे पडके महाल, आमेरची ओसाड दालनं त्यानं पायी फिरून पाहिली. १८८९ मध्ये त्यानं भारत सोडला. नंतर १८९१ मध्ये एकदा धावती फेरी झाली, तीच शेवटची. तेव्हा तो २५ वर्षांचा होता.

या सगळ्या भटकंतीत सिवनी कुठंच येत नाही. नागपूरहून उत्तरेला, आजच्या पेंच व्याघ्र प्रकल्पापलीकडचा हा जिल्हा. त्याच्या रानात किपलिंगनं पाऊल ठेवल्याची नोंद नाही.

खिडकीपर्यंत बर्फ

जानेवारी १८९२ मध्ये त्यानं कॅरी बॅलेस्टिअर या अमेरिकन मुलीशी लग्न केलं आणि दोघं तिच्या गावी, व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरोजवळ, भाड्याच्या छोट्याशा घरात राहायला गेले. त्या हिवाळ्यात बर्फ खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत चढला होता. डिसेंबरच्या शेवटी मुलगी झाली, जोसेफिन. आणि त्याच खोलीत, शेगडीच्या उबेला बसून त्यानं सातपुड्यातल्या रणरणत्या उन्हाचं रान लिहायला घेतलं. साउथसीच्या तळघरातले ते सिंह लांडगे होऊन परत आले. १८९४ मध्ये 'द जंगल बुक' आलं, १८९५ मध्ये दुसरा भाग.

न पाहिलेलं रान त्यानं जुळवलं कसं? सिवनीत राहिलेल्या स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्यानं सातपुड्यातल्या शिकारीवर आणि भारतातल्या सस्तन प्राण्यांवर लिहिलेली पुस्तकं त्याच्या कामी आली. वडिलांनी भारतातली जनावरं आणि माणसं यांवर १८९१ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, ते होतंच. राजपुतान्यात पाहिलेले पडके महाल त्यानं उचलले आणि वैनगंगेच्या रानात नेऊन ठेवले. बघीराचा जन्म तर त्यानं उदयपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात दाखवला. नावं आयाच्या भाषेतली: भालूचा बल्लू, एकट्याचा अकेला, हाथी, बंदर-लोग. मोगली म्हणजे बेडूक, असं गोष्टीत म्हटलंय, पण असा शब्द कुठल्याच भाषेत नाही. तो त्यानं चक्क बनवला.

थोडक्यात, पाहिलेलं, वाचलेलं आणि ऐकलेलं एकत्र शिवायचं. पण हे तर बरेच जण करतात. त्याचं रान टिकलं ते आतल्या व्यवस्थेमुळे.

रान चालतं कशावर?

पहिली गोष्ट, पाणी. किपलिंगच्या रानाच्या मधोमध वैनगंगा वाहते आणि ती फक्त शोभेची निळी रेघ नाही. पाऊस येत नाही. बल्लूच्या लक्षात येतं की यंदा मोह फुललाच नाही. मग नदी आटत जाते आणि एक दिवस पात्राच्या मधोमध एक लांबट खडक उघडा पडतो. तो दिसला की हत्ती सोंड वर करून तहाची हाक देतो. त्या क्षणापासून पाणवठ्यावर शिकार बंद, मोडणाऱ्याला मरण. मग हरणं आणि वाघ एकाच धारेवर तोंड लावतात, एकमेकांकडे बघत. आता विचार करा, तुमच्या गेममधे चार खेळाडू त्या पाणवठ्यावर पोचले आणि त्यांच्यातल्या एकाच्या हातात तीर आहे. फासा टाकायच्या आधीच टेबलावर शांतता पसरेल. एक खडक, एक नियम. राक्षस लागलाच नाही.

दुसरी गोष्ट, कायदा. आपण जंगलराज म्हणतो तेव्हा आपल्याला म्हणायचं असतं बळी तो कान पिळी. किपलिंगच्या रानात बरोबर उलटं आहे. तिथं पावलोपावली नियम आहेत आणि प्रत्येक नियमाला कारण आहे. माणूस मारायचा नाही, कारण मग बंदुका घेऊन माणसं येतात आणि रानातले सगळेच भोगतात. दुसऱ्याच्या इलाख्यात शिकार करायची, तर आधी हाक देऊन परवानगी मागायची. नवं पिल्लू पौर्णिमेच्या सभेत दाखवायचं, आणि त्याच्याबद्दल वाद झाला तर आईबाप सोडून दोघांनी त्याच्या बाजूनं बोललं पाहिजे. मोगलीसाठी एक बल्लू बोलतो, दुसऱ्याच्या बदल्यात बघीरा ताजा मारलेला बैल देतो. एका जिवाची किंमत एक बैल! हा हिशोब पुढे पुस्तकभर पाठ सोडत नाही.

तिसरी गोष्ट, तिथं राहणारे. शेरखान नुसता डरकाळ्या फोडत नाही. तो तरुण लांडग्यांना उष्टं टाकून आपल्या बाजूला वळवतो आणि म्हातारा होत चाललेल्या अकेलाविरुद्ध सभेत बहुमत जमवतो. ग्रामपंचायतीचं राजकारण पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. माकडांना कायदाच नाही, म्हणून त्यांच्याशी कुणी बोलत नाही. आणि दक्षिणेकडून, दख्खनमधून, येते ती रानकुत्र्यांची दोनशेच्या वरची टोळी. हो, आपल्याच बाजूनं. त्यांच्या वाटेतून वाघसुद्धा बाजूला होतो.

त्या टोळीला मोगली हरवतो तो काही तलवारीनं नाही. घळईच्या कपारींत आग्या मोहोळं लटकलेली आहेत, मधमाश्यांना लसणाचा वास सहन होत नाही आणि कड्याखाली नदी कुठं खोल आहे, एवढं त्याला माहीत असतं. अंगाला रानलसूण चोळून तो टोळीला त्या कड्यावरून पळवत नेतो आणि स्वतः पाण्यात उडी घेतो. बाकीचं काम माश्या आणि नदी करतात. ज्याला जागा माहीत, तो जिंकतो. तुमच्या खेळाडूंना रानाबद्दल काही शिकायची गरजच पडत नसेल, तर तुमचं रान म्हणजे भिंतीवरचा पडदा आहे.

चौथी गोष्ट, आधी कोण होतं. पडक्या नगराखाली तळघरात खजिना आहे आणि तो राखणारा म्हातारा पांढरा नाग आहे. वर राज्य उरलेलं नाही, हे त्याला माहीतच नाही. मोगली तिथून रत्नजडित अंकुश उचलतो, मग नको म्हणून टाकून देतो, आणि एका रात्रीत त्या अंकुशापायी सहा माणसं मरतात. दोन रात्रींनंतर तो अंकुश जिथला तिथं परत नेऊन टाकतो. लूट मिळाली की गेम संपतो, असं समजणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

आणि नकाशातून काय सुटलं?

इथवर वाचून किपलिंगचं पोस्टर खोलीत लावावंसं वाटत असेल, तर जरा थांबा.

त्याच्या रानात पाळायचा कायदा आहे, पण तो बदलायचा कसा, हे कुठंच नाही. ऐकायचं आणि पाळायचं. ज्या पोराला सहाव्या वर्षी कारण न सांगता परक्या दारात सोडलं, त्याला असा पक्का कायदा आणि आपल्या बाजूनं बोलणारा कळप हवासा वाटला असेल, हे समजू शकतं. पण मोठा झाल्यावर हाच कायदा त्यानं साम्राज्यालाही लावला. इंग्रजांनी राज्य करायचं, इतरांनी ऐकायचं, हीच जगाची रीत असं तो मनापासून मानत होता. जालियनवाला बागेत निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडणाऱ्या डायरसाठी इंग्लंडमध्ये फंड उघडला गेला, तेव्हा किपलिंगनंही त्यात दहा पौंड दिले.

हे राजकारण त्याच्या नकाशातही उतरलंय. मोगलीची सगळ्यात आधी छापली गेलेली गोष्ट 'जंगल बुक'च्या आधीची आहे, १८९३ ची. त्यात तरुण मोगली शेवटी काय होतो माहितीय? इंग्रज सरकारच्या जंगल खात्यात नोकर, पेन्शनसकट! वनरक्षक भरतीची तयारी करणाऱ्यांना हसू येईल. पण तो काळ आठवा. १८७८ च्या वन कायद्यानं सरकारनं रानं राखीव करायला सुरुवात केली होती. मध्य प्रांतातल्या ज्या गोंड कुटुंबांची त्याच रानावर गुजराण होती, त्यांची शेतीची रीत, लाकूडफाटा, शिकार, सगळ्यावर बंधनं येत होती.

किपलिंगला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. एका गोष्टीत तो जाता जाता लिहून जातो की गोंड हे या भूमीचे मूळ मालक. त्यांचा एक म्हातारा पुढारी पानभरासाठी येतो, ओसाड पडत चाललेल्या गावाला कारल्याच्या वेलीची खूण दाखवतो आणि निघून जातो. दुसऱ्या गोष्टीत एक गोंड शिकारी येतो, तो अंकुशापायी मरायला. लांडग्यांना सभा आहे, हत्तीला इतिहास आहे, माकडांनासुद्धा नगर आहे. रानाच्या मालकांना त्या सभेत जागा नाही.

आज त्याच वैनगंगेच्या खोऱ्यात, गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू किती तोडायचा, कधी, कुणी, हे तिथं ग्रामसभा सगळ्यांच्या संमतीनं ठरवते. हाही जंगलाचा कायदाच आहे. फक्त तो हत्तीनं वरून सांगितलेला नाही, माणसांनी बसून ठरवलेला आहे. गेमसाठी याहून दमदार सभा कुठून आणणार?

आणि आष्टीकरांना तर कायदा आणि न्याय यांतला फरक शिकवायची गरजच नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये इथली माणसं तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेली, गोळीबार झाला, माणसं पडली. गावाच्या नावापुढं शहीद हा शब्द लागतो तो त्यामुळे. किपलिंगच्या रानात ही माणसं बसली नसती. त्यांना जागा देईल असं रान तुम्ही बनवू शकता.

उरलेलं आयुष्य

पुढची गोष्ट सुखाची नाही. १८९६ मध्ये किपलिंगनं अमेरिका सोडली. १८९९ च्या हिवाळ्यात तिथं परत गेला असताना तो आणि जोसेफिन दोघंही न्यूमोनियानं आजारी पडले. तो वाचला, सहा वर्षांची जोसेफिन गेली. १९०१ मध्ये 'किम' आली. १९०७ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, इंग्रजीत लिहिणाऱ्याला पहिल्यांदाच. तो तेव्हा ४१ वर्षांचा होता. साहित्याचं नोबेल त्याहून लहान वयात आजवर कुणाला मिळालेलं नाही.

पहिलं महायुद्ध सुरू झालं. मुलगा जॉन, नजर वडिलांसारखीच अधू. सैन्यानं नाकारलं होतं. वडिलांनी ओळखी वापरून त्याला आयरिश गार्ड्समध्ये घुसवलं. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत १८ वर्षांचा जॉन गेला. वडिलांच्या हयातीत त्याच्या देहाचा पत्ता लागला नाही. ऐकायचं आणि पाळायचं, या कायद्याची किंमत त्याला स्वतःच्या घरात मोजावी लागली. नंतरची कित्येक वर्षं तो युद्धातल्या सैनिकांच्या कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगासाठी काम करत राहिला. १८ जानेवारी १९३६ ला लंडनमध्ये तो वारला.

त्याचं रान मात्र तेव्हाच खेळ बनलं होतं. १९१६ मध्ये बेडन-पॉवेलनं लहान स्काउट मुलांसाठी कब पथकं काढली, ती किपलिंगच्या परवानगीनं 'जंगल बुक'वर बेतून. पथकाचा म्होरक्या अकेला, गोल करून बसायची सभा, सगळं तिथलंच. शाळेत कब-बुलबुलमध्ये होतात? मग त्या रानात तुम्ही आधीच जाऊन आलात.

आता तुमची पाळी

कागद घ्या. आपल्याकडे बनवायला काय कमी आहे? पश्चिमेला वर्धा नदी. ती पुढे दक्षिणेला जाऊन वैनगंगेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. मोगलीची नदी आणि आपली नदी शेवटी एकच. वर सातपुड्याची टोकं. अप्पर वर्धाचं धरण, आणि त्याच्या पाण्याखाली गेलेली गावं. किपलिंगला पडकं नगर राजपुतान्यातून आणावं लागलं होतं, तुमच्याकडे बुडालेलं आहे. तळेगावच्या महामार्गावरचे ट्रक. संत्र्याचे बगीचे. रात्री रोही आणि रानडुकरं पिकात शिरतात म्हणून जागलीला जाणारी माणसं. साग, पळस, मोह, तेंदू. उत्तरेच्या आणि पूर्वेच्या रानांतून कधीतरी येऊन जाणारा वाघ.

आधी ठरवा, उन्हाळ्यात पाणी कुठं उरतं. मग ठरवा, तिथं पहिला हक्क कुणाचा आणि तो कुणी ठरवला. तो मोडला तर काय होतं, हे लिहा. मोह वेचायला पहाटे कोण येतं, त्याचं नाव लिहा. मग बघा, तुमच्या नकाशातल्या सभेत कोण बसलंय आणि कोण बाहेर उभं आहे. बाहेर उभं असलेल्यापैकी एकाला खेळाडूंच्या वाटेत आणून सोडा.

फासे त्यानंतर काढा.